चौकशीचा माणूस गावात येतो तेव्हा

मराठवाड्याच्या आठ जिल्ह्यांत ‘पॅरोल ऑफिस’ अशी पाटी कुठं सापडणार नाही. तरी लोक ती शोधत फिरतात. तहसीलला विचारतात, एसपी ऑफिसच्या गेटवर विचारतात, कोर्टाच्या आवारातल्या टायपिस्टला विचारतात. इथं प्रोबेशन आणि पॅरोल ही दोन कामं दोन वेगळ्या खात्यांत चालतात आणि त्या खात्यांचा एकमेकांशी फारसा संबंध येत नाही. प्रोबेशन म्हणजे तुरुंगात न पाठवता चांगल्या वर्तणुकीच्या बंधपत्रावर सोडणं. त्याचा अधिकारी, म्हणजे परिवीक्षा अधिकारी, महिला व बाल विकास विभागाचा असतो आणि जिल्हा महिला व बाल विकास अधिकाऱ्याच्या कार्यालयात बसतो. पोराची मोटार चोरीची केस घेऊन आलेला बाप ती पाटी वाचून दारातूनच मागं फिरतो, कारण ‘महिला व बाल’ या दोन्हींत आपलं काही बसत नाही असं त्याला वाटतं. पॅरोल आणि फर्लो या शिक्षा भोगणाऱ्या कैद्याच्या रजा. त्यांचा अर्ज तुरुंगात सुरू होतो आणि चौकशी पोलीस करतात. त्यात परिवीक्षा अधिकारी सहसा कुठंच नसतो.

दोन्ही वाटांत एक गोष्ट मात्र सारखी आहे. आदेशावर सही मॅजिस्ट्रेटची असो की रजा मंजूर करणाऱ्या वरिष्ठाची, ती सही ज्या कागदाकडं बघून होते तो कागद गावात तयार होतो. कुणीतरी एक सरकारी माणूस एका दुपारी येतो, घर बघतो, चार जणांशी बोलतो आणि निघून जातो. विधी सेवा समितीच्या कामात हे अहवाल आणि त्यावरचे आदेश शेजारी शेजारी ठेवून वाचले की दिसतं, बहुतेक प्रकरणांचा निकाल त्या दुपारीच लागलेला असतो. घरचे लोक मात्र सगळी ताकद वकिलावर आणि तारखांवर लावतात आणि त्या दुपारी घराला कुलूप असतं.

आधी प्रोबेशनची वाट. कायदा १९५८ चा, अपराधी परिवीक्षा अधिनियम. त्यातल्या दोन कलमांवर सगळं काम चालतं. कलम ३ म्हणजे समज देऊन सोडणं. साधी चोरी, घरातली चोरी, फसवणूक असे काही ठरावीक गुन्हे किंवा दोन वर्षांपर्यंतच्या शिक्षेचे गुन्हे यात बसतात, आणि आरोपीला आधी शिक्षा झालेली नसावी लागते. बांधावरून शिवीगाळ, चापटबुक्क्या आणि ‘बघून घेतो’ची धमकी, एवढीच केस असेल तर ती इथंच बसते, आणि वकिलानं हे मागितलंच नाही म्हणून लोक विनाकारण दंड आणि कैद घेऊन घरी येतात. कलम ४ मोठं. फाशी किंवा जन्मठेपेची शिक्षा होऊ शकते असे गुन्हे सोडले तर बाकी कुठल्याही गुन्ह्यात कोर्ट जास्तीत जास्त तीन वर्षांच्या बंधपत्रावर सोडू शकतं. वयाची अट नाही. साठीच्या म्हाताऱ्यालाही ते लागू होतं. हा फायदा पोरांसाठीच आहे हा समज इतका पक्का बसला आहे की चाळिशीच्या माणसासाठी अर्जच होत नाही.

कुठल्या केसमध्ये मिळेल आणि कुठल्यात नाही, हे बऱ्याचदा जखमेच्या प्रमाणपत्रावर ठरतं. शेताच्या भांडणात लाथाबुक्क्यांनी हाताचं हाड मोडलं तर भारतीय न्याय संहितेचं कलम ११७ (२), सात वर्षांपर्यंतची शिक्षा, आणि कलम ४ चा दरवाजा उघडा. तेच हाड कुऱ्हाडीच्या घावानं मोडलं तर कलम ११८ (२), ज्यात जन्मठेपेपर्यंत शिक्षा होऊ शकते, आणि दरवाजा बंद. मधली गोष्ट काठीची. काठी घातक हत्यार धरायची की नाही यावर वाद होतो, आणि तो वाद साक्षीपुराव्याच्या वेळीच करावा लागतो. दोषी ठरल्यावर प्रोबेशनचा अर्ज लिहायला बसलं की कलम बदलत नसतं. १ जुलै २०२४ च्या आधीच्या घटनांना जुनी दंड संहिता लागते, म्हणजे तिथं ३२५ आणि ३२६. ॲट्रॉसिटी कायद्याखाली दोषी ठरलेल्या १८ वर्षांवरच्या माणसाला प्रोबेशनचा कायदा लागूच होत नाही. अंमली पदार्थांच्या कायद्यातही, दोन किरकोळ कलमं सोडली तर, तसंच आहे. अशा केसमध्ये अर्ज करायला सांगणारा वकील फी घेतो, बाकी काही होत नाही.

२१ वर्षांखालच्यांना कलम ६ चं संरक्षण आहे. जन्मठेपेचा गुन्हा नसेल तर अशा मुलाला तुरुंगात पाठवण्याआधी कोर्टानं परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवलाच पाहिजे, आणि तरीही कैद द्यायची असेल तर कारणं लिहिली पाहिजेत. वय मोजायचं ते गुन्हा घडला त्या दिवसाचं नाही. खालच्या कोर्टानं दोषी ठरवलं त्या दिवसाचं. केस चार वर्षं चालली की एकोणिसाव्या वर्षी सापडलेला पोरगा तेवीसचा झालेला असतो आणि कलम ६ हातातून गेलेलं असतं. कलम ४ तरीही उरतं. अठरा वर्षांखालच्यांचं गणित उलटं आहे. तिथं गुन्ह्याच्या दिवसाचं वय धरतात, केस बाल न्याय मंडळापुढं चालते आणि सामाजिक तपासणी अहवाल पहिल्यांदा हजर केल्यापासून १५ दिवसांत यावा लागतो. वयाचा पुरावा म्हणून तिथं आधी शाळेचा दाखला, तो नसेल तर ग्रामपंचायतीची किंवा नगरपालिकेची जन्मनोंद, आणि दोन्ही नसेल तरच वैद्यकीय तपासणी. आपल्याकडं अर्ध्या गावाचा वाढदिवस १ जून, कारण गुरुजींनी पहिलीत नाव घालताना तीच तारीख लिहिलेली असते. त्या एका तारखेनं पोरगा कधी या रेषेच्या आत येतो, कधी बाहेर जातो. म्हणून दाखला आणि जन्मनोंद दोन्ही काढून वकिलाकडं पहिल्याच भेटीत द्यावेत, फरक असेल तर तो कसा पडला हे सांगणारा माणूसही हेरून ठेवावा.

अर्ज कधी द्यायचा, इथं सगळ्यात जास्त प्रकरणं फसतात. तालुक्याच्या कोर्टात दोषी ठरवणं आणि शिक्षा सुनावणं बहुधा एकाच दिवशी होतं. मधे जेवणाची सुट्टी झाली तर झाली. कोर्ट विचारतं, शिक्षेबद्दल काय म्हणायचंय? वकील उभ्याउभ्या म्हणतो, घरचा एकटा कमावता आहे, दया दाखवावी. एवढ्यावर प्रोबेशन मिळत नाही, कारण कोर्टापुढं कागद नसतो. युक्तिवाद संपला की निकालाच्या तारखेआधीच लेखी अर्ज तयार ठेवायचा: दोषी ठरवल्यास कलम ३ किंवा ४ चा लाभ द्यावा आणि त्यासाठी परिवीक्षा अधिकाऱ्याचा अहवाल मागवावा. सोबत वयाचा पुरावा, शिधापत्रिका, राहत्या घराचा उतारा, कामाचा पुरावा. ज्यांना जमीन नाही ते ‘आमच्याकडं उताराच नाही’ म्हणून हात हलवत येतात. त्यांनी ग्रामपंचायतीतून नमुना ८ म्हणजे घराच्या कर आकारणीचा उतारा आणावा. शेताचा ८-अ वेगळा, तो नसला तरी चालतं. खालच्या कोर्टात हे राहून गेलं तर अपिलातही मागता येतं. अपिलाच्या कोर्टाला कलम ११ नं तेच अधिकार आहेत. ज्यांना वकील परवडत नाही त्यांच्यासाठी तालुका विधी सेवा समिती आहे. कोठडीत असलेल्याला, महिलेला आणि अनुसूचित जाती-जमातीच्या माणसाला उत्पन्न न बघता मोफत वकील मिळतो.

कोर्टानं अहवाल मागवला की पत्र जिल्ह्याला जातं. टपालानं गेलं तर ते आवकमध्ये पडून राहतं, कारण एकेका परिवीक्षा अधिकाऱ्याकडं अख्खा जिल्हा आणि खात्याची इतर चार कामं असतात. कोर्टाला विनंती करून पत्र हातबटवड्यानं न्यावं, आवक क्रमांकाची पोच घ्यावी आणि त्याच वेळी अधिकाऱ्याच्या टेबलावर एक साधा कागद ठेवावा: घरी जायचा रस्ता, जवळची खूण, दोन फोन नंबर, आणि घरचे लोक कुठल्या महिन्यांत कुठं असतात. ही शेवटची ओळ बीड, जालना, परभणीकडच्यांनी तर विसरूच नये.

कारण उसाचा गळीत हंगाम. दिवाळी झाली की आष्टी, पाटोदा, शिरूर कासार, धारूर, वडवणी, गेवराई या तालुक्यांतली गावं रिकामी होतात. नवरा-बायको मिळून एक कोयता, म्हणजे ऊसतोडीची एक जोडी, मुकादमाची उचल म्हणजे आगाऊ रक्कम घेतलेली, टोळी सांगली-कोल्हापूरला नाहीतर बेळगावकडं. मार्चमध्ये किंवा त्यानंतर कारखान्याचा पट्टा पडेपर्यंत, म्हणजे गाळप बंद होईपर्यंत, घराला कुलूप. अधिकारी नेमका जानेवारीत येतो. शेजारची म्हातारी सांगते, ‘गेलेत कारखान्याला.’ अहवालात येतं: आरोपी व कुटुंब पत्त्यावर आढळून आले नाही, कायमस्वरूपी वास्तव्य दिसून येत नाही. यात खोटं एक अक्षर नाही. पण कलम ४ मध्ये आरोपीला किंवा त्याच्या जामीनदाराला ठरावीक राहण्याचं ठिकाण किंवा नियमित कामधंदा असला पाहिजे अशी अट आहे, आणि त्या एका ओळीनं ती अट पडते.

अट वाचून बघितली तर तीत मार्गही आहे. ठिकाण कोर्टाच्या हद्दीतलं असावं, किंवा बंधपत्राच्या काळात आरोपी जिथं राहण्याची शक्यता आहे तिथलं असावं, असं कायदा म्हणतो. म्हणजे हंगामात अमुक कारखान्याच्या अमुक गटाच्या फडावर आणि उरलेले महिने गावात, हे लिहून देता येतं. त्यासाठी मुकादमाचं नाव-नंबर आणि शक्य असेल तर त्याचा साधा जबाब लागतो. मुकादम सही करायला कां-कूं करतो, कारण उचलीचा हिशोब कागदावर यावा असं त्याला वाटत नसतं. त्याला सांगायचं की उचलीचा आकडा नको, फक्त हा माणूस दरवर्षी टोळीत असतो एवढंच लिही. दुसरा उपाय जास्त सोपा: गावात राहणारा जामीनदार द्यायचा. आई-वडील, चुलता, वस्तीवरच राहणारा मेहुणा. अट आरोपी ‘किंवा’ जामीनदार अशी आहे. दोघांचंही ठिकाण पक्कं असलंच पाहिजे असं नाही.

भेटीच्या दिवशी अधिकारी काय बघतो? घर बघतो, पण श्रीमंती-गरिबी नाही. पत्र्याच्या घरावरून कुणाचा अहवाल वाईट गेलेला दिसत नाही. पोराला घरात कुणी विचारतं का, तो रात्री कुठं असतो, पैसे कुठून आणतो, दारू किंवा गुटखा-गांजा किती, शाळा का सुटली, आधी काही भानगडी, फिर्यादीच्या घराशी आज बोलणं आहे की नाही, आणि तुरुंगाऐवजी सोडलं तर तो नेमकं काय करणार आहे, हे बघतो. शेवटच्या प्रश्नाला ‘काहीतरी काम करील’ हे उत्तर सगळ्यात वाईट. गॅरेजवर, फॅब्रिकेशनच्या दुकानात किंवा कुणाच्या शेतातल्या आखाड्यावर सालानं काम ठरलं असेल तर त्या मालकालाच त्या दिवशी बोलवावं. मालकाची दोन वाक्यं सरपंचाच्या लेटरहेडपेक्षा जास्त वजनाची असतात. सरपंचाच्या दाखल्याला भाव नाही असं नाही, पण गावात दोन पार्ट्या असतात, दाखला आपल्या पार्टीच्या सरपंचानं दिलाय हे अधिकाऱ्याला पोलीस पाटलाच्या तोंडून पाच मिनिटांत कळतं, आणि मग उरलेले कागदही तो त्याच नजरेनं बघतो.

घरचे लोक दोन चुका हमखास करतात. पहिली, गर्दी. अधिकारी आला म्हणून वीस माणसं गोळा होतात, सगळे एकदम बोलतात, कुणीतरी फिर्यादीला शिव्या घालतो. फिर्यादीबद्दलचा राग अहवालात ‘पश्चात्तापाची भावना दिसून आली नाही’ असा उतरतो. दुसरी चूक, दारू झाकणं. नवरा पितो हे बायको नाही म्हणते, शेजारी हो म्हणतात, आणि अधिकारी अख्ख्या कुटुंबालाच खोटं धरतो. पितो, पण जिल्हा रुग्णालयात उपचाराला नेलं होतं, हा केसपेपर, असं सांगितलेलं कधीही बरं. देखरेखीच्या आदेशात नशा न करण्याची अट घालता येते, त्यामुळं व्यसन म्हणजे आपोआप नकार असं होत नाही. ‘मी केलंच नाही’ यावर अडून बसायचं का, हा अवघड प्रश्न आहे. अपील करायचं असेल तर चौकशीत गुन्हा कबूल करायची गरज नाही. कोर्टानं निर्णय दिला आहे, तो माहीत आहे, पुढं असं होणार नाही, एवढं पुरतं. सगळं नाकारणं आणि सगळं ओकणं, दोन्ही टाळावं.

अहवाल कोर्टात बंद पाकिटात जातो. कलम ७ नं तो गोपनीय असतो, त्याची प्रत मिळत नाही. पण त्याच कलमात आहे की कोर्टाला योग्य वाटलं तर ते अहवालातला मतितार्थ आरोपीला सांगू शकतं आणि त्यावर पुरावा द्यायची संधी देऊ शकतं. हे कुणी मागत नाही. अहवाल विरुद्ध गेल्याचा वास आला की लगेच एक ओळीचा अर्ज द्यावा: मतितार्थ कळवावा, खुलाशाची संधी द्यावी. ‘घर बंद आढळले’ एवढंच कारण असेल तर ते मुकादमाच्या जबाबानं तिथल्या तिथं खोडून काढता येतं.

आदेश झाला की बंधपत्र, जामीनदार, आणि बहुतेक वेळा देखरेखीचा वेगळा आदेश. देखरेख असेल तर ती किमान एक वर्षाची. अटी आरोपीला समजावून सांगणं आणि आदेशाची एकेक प्रत आरोपीला, जामीनदाराला व परिवीक्षा अधिकाऱ्याला देणं ही कोर्टाची जबाबदारी आहे. प्रत न घेता घरी जाऊ नये. नुकसानभरपाई कलम ५ खाली त्याच वेळी लावली जाऊ शकते. ती एकदम भरणं झेपत नसेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याशी बोलावं, भरपाई भरायला सल्ला आणि मदत देणं हे त्याचं नेमून दिलेलं काम आहे.

देखरेखीचा काळ तसा कंटाळवाणा असतो. ठरल्या दिवशी भेटायचं, काम चालू आहे हे सांगायचं, सही करायची. बिघडतं ते छोट्या गोष्टींनी. सिमकार्ड बदललं आणि नंबर कळवला नाही. पत्ता बदलला. लग्नकार्यासाठी पुण्याला गेला तो तिथंच कामाला राहिला. अट मोडल्याची माहिती कोर्टाला गेली तर कलम ९ खाली समन्स किंवा वॉरंट निघतं. पहिल्याच चुकीला कोर्ट ५० रुपयांपर्यंत दंड करून बंधपत्र चालू ठेवू शकतं, पण मूळ गुन्ह्याची शिक्षाही देऊ शकतं. ५० रुपयांचा आकडा १९५८ चा आहे, त्यावरून हलकं समजू नये. स्थलांतर करायचं असेल तर निघण्याआधी सांगायचं. देखरेखीच्या आदेशात ज्या अधिकाऱ्याचं नाव आहे त्याच्या जागी दुसरा अधिकारी नेमायचा अधिकार आदेश देणाऱ्या कोर्टाला आहे, आणि आरोपी सध्या जिथं राहतो त्या जिल्ह्याच्या जिल्हा दंडाधिकाऱ्यालाही आहे. म्हणजे सांगलीच्या फडावरचा माणूस सांगलीतच हजेरी देऊ शकतो. अटी बदलायच्या असतील तर कलम ८. त्याच कलमात आणखी एक सोय आहे जी जवळपास वापरली जात नाही. वागणूक चांगली असेल तर परिवीक्षा अधिकाऱ्याच्या अर्जावरून कोर्ट मुदतीआधीच बंधपत्रातून मोकळं करू शकतं. अधिकारी स्वतःहून अर्ज करायला वेळ काढणार नाही. वर्षभर नीट काढलेल्यानं त्याला आठवण करून द्यायला काही हरकत नाही.

पोलीस भरतीची तयारी करणारी पोरं एकच गोष्ट विचारतात: नोकरीला अडचण येईल का? कलम १२ म्हणतं की प्रोबेशनवर सुटलेल्याला शिक्षेमुळं कायद्यानं येणारी अपात्रता लागणार नाही. पण दोषी ठरल्याची नोंद पुसली जात नाही. भरतीच्या वेळी भरायच्या साक्षांकन नमुन्यात विचारलेली केस लपवली तर लपवल्याबद्दलच नाव कापलं जातं. आणि आधीच सरकारी नोकरीत असलेल्याची खात्यातली कारवाई कलम १२ नं थांबत नाही, हे सर्वोच्च न्यायालयानं १९९० मध्ये बक्षी राम प्रकरणात सांगून ठेवलं आहे.

आता तुरुंगातून येणाऱ्या रजा. पहिला गोंधळ इथंच होतो: कच्च्या कैद्याला, म्हणजे खटला अजून चालू असलेल्याला, पॅरोल नसतो. त्याच्या घरात मयत झालं तर कोर्टाकडून तात्पुरता जामीन किंवा पोलीस बंदोबस्तात नेण्याची परवानगी घ्यावी लागते. पॅरोल आणि फर्लो शिक्षा झालेल्यांनाच. राज्यात यासाठी १९५९ पासूनचे नियम आहेत आणि ते पुन्हापुन्हा बदलले आहेत, म्हणून किती शिक्षा भोगल्यावर किती दिवस मिळतात हे शेजारच्या कैद्याला न विचारता तुरुंगातल्या न्याय विभागाकडून त्या महिन्याचं विचारून घ्यावं. फर्लोला कारण लागत नाही आणि तो काळ शिक्षेतच धरत आले आहेत. पॅरोलला कारण लागतं, जसं मृत्यू, गंभीर आजार, पडलेलं घर, आणि ते दिवस शिक्षेत धरत नाहीत, पुढं भोगावे लागतात. म्हणून फर्लो देय असेल तर आधी तीच मागावी. घाईत पॅरोलचा अर्ज टाकून दिवस वाढवून घेणारे बरेच असतात.

अर्ज छत्रपती संभाजीनगरमधल्या हर्सूलच्या मध्यवर्ती कारागृहातून निघतो आणि एसपी ऑफिसमार्फत गावच्या ठाण्यात येतो. तिथून बीट अंमलदार गावात. इथं सामाजिक चौकशी होत नाही, दोनच गोष्टी बघतात: घ्यायला कोण तयार आहे, आणि सोडलं तर भांडण होईल का. जामीनदार नातेवाइकाचा जबाब आणि शेजाऱ्यांचा जबाब घेतात. बऱ्याच ठाण्यांत फिर्यादी पक्षालाही विचारतात, आणि खून झालेल्या घरची माणसं ‘येऊ द्या’ असं कशाला म्हणतील? अहवालात वाक्य येतं, ‘गावात शांतता व सुव्यवस्थेचा प्रश्न निर्माण होण्याची शक्यता नाकारता येत नाही,’ आणि अर्ज नामंजूर. हे टाळायचा एक मार्ग बऱ्याच वेळा चालतो: रजेचा पत्ता गावाचा देऊच नये. दुसऱ्या तालुक्यातली लग्न झालेली बहीण, मामा, सासुरवाडी, जिथं फिर्यादीचं कुणी नाही असं ठिकाण अर्जातच लिहावं आणि त्या घरच्या माणसाला जामीनदार करावं. मग चौकशी त्या ठाण्याकडं जाते. फक्त त्या पाहुण्याला अंमलदार येणार हे आधी सांगून ठेवावं. पोलीस दारात बघून ‘आमचा काही संबंध नाही’ म्हणणारे पाहुणे असतात.

आजारपणाच्या कारणाला खासगी दवाखान्याची चिठ्ठी जोडली की ती संशयानंच वाचली जाते. छत्रपती संभाजीनगरचं घाटी, अंबाजोगाईचं स्वाराती ही सरकारी रुग्णालयं किंवा जिल्हा रुग्णालय यांचा केसपेपर, त्यावर रोगाचं नाव, दाखल केल्याची किंवा शस्त्रक्रियेची तारीख आणि डॉक्टरचा शिक्का, एवढं लागतं. ‘आई आजारी आहे, सेवेला कुणी नाही’ असं लिहिताना शिधापत्रिकेवर दोन भाऊ दिसत असतील तर ते कुठं असतात हेही लिहावं, नाहीतर अंमलदार ते लिहितोच.

नकाराच्या आदेशाची प्रत कैद्याला मिळते. वरिष्ठांकडं अपील, आणि तिथंही नाही झालं तर औरंगाबाद खंडपीठात फौजदारी रिट. कैद्यानं तुरुंगातून लिहिलेलं पत्रही उच्च न्यायालय रिट म्हणून घेतं आणि वकील देतं. फर्लो हा निरपवाद हक्क नाही हे सर्वोच्च न्यायालयानं २०२१ मध्ये पुन्हा सांगितलं आहे, पण नुसत्या ‘शक्यता नाकारता येत नाही’ या वाक्यावर दिलेले नकार न्यायालयांनी अनेकदा रद्दही केले आहेत. अपिलात म्हणून भावनेचं काही न लिहिता चौकशीतल्या उणिवा लिहाव्यात: कुणाचा जबाब घेतला नाही, कुठला पत्ता तपासला नाही, मागच्या रजेवरून कैदी वेळेवर परतला होता ती तारीख.

ही शेवटची तारीख पुढच्या सगळ्या अर्जांना पुरते किंवा नडते. उशिरा परतलेल्याची माफीची कपात होते, पुढची रजा लांबते, पैठणच्या खुल्या कारागृहासाठी नाव घेताना तो शेरा आडवा येतो, आणि फार उशीर झाला तर फरार म्हणून नवा गुन्हा. रजेवर असताना ठाण्यात लावलेल्या हजेरीची नोंद निघताना लिहून घ्यावी, परतीच्या दिवशी सकाळचीच एसटी धरावी, आणि घरचं एक माणूस गेटपर्यंत सोबत असावं. मधेच आईचं ऑपरेशन पुढं ढकललं गेलं किंवा स्वतःलाच दवाखान्यात दाखल व्हावं लागलं तर मुदत संपायच्या आत तुरुंगाला आणि ठाण्याला लेखी कळवावं, कागद जोडावे, पोच घ्यावी. आणि मुदतवाढीचा अर्ज दिला म्हणजे मुदत वाढली असं नसतं. लेखी आदेश हातात पडला नसेल तर ठरलेल्या तारखेला गेटवर हजर व्हायचंच.